बायपासनंतर पायात घातलेला मोजा: सात महिन्यांचा अनुभव

बायपास झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण छातीचं विचारतो. माझी छाती दोन महिन्यांत सांधली, तिची काही तक्रार नाही. मला रडवलं ते डाव्या पायानं. त्या पायावर सात महिने रोज सकाळी जो कॉम्प्रेशन स्टॉकिंग, म्हणजे पाय दाबून धरणारा घट्ट मोजा, चढवला, त्याबद्दल लिहितोय. हा मोजा घ्यायची वेळ आली तेव्हा मला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

वय 61. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. शुगर बारा वर्षांपासून, तंबाखू ऑपरेशनपर्यंत चालू होती. नोव्हेंबरात मिरजेला बायपास झाली. तीन जोड द्यावे लागले. एकाला छातीतलीच धमनी वापरली, बाकी दोघांना डाव्या पायातली शीर काढून लावली. ही शीर घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून थेट जांघेपर्यंत जाते, अंगातली सगळ्यात लांब शीर. माझा छेद घोट्यापासून गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत होता. हल्ली दुर्बिणीनं लहान छेदांतूनही शीर काढतात, त्यात जखमेचा त्रास कमी होतो म्हणतात. माझ्या वाट्याला लांब छेद आला.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पायजमा घोट्यापाशी ओला लागला. पिवळसर पाणी होतं, वास नव्हता. चुलतभाऊ दुकानातली चांगली शेलम हळद पुडीत बांधून घेऊन आला, "जखमेवर दाब, दोन दिवसांत सुकंल." आयुष्य हळदीत गेलं माझं, पण हात जोडून नाही म्हटलं. उघड्या जखमेत पूड घालायची नाही हे डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. ड्रेसिंग, अँटिबायोटिक, शुगरवर लक्ष आणि झोपताना पायाखाली दोन उश्या असे पाच आठवडे गेले. जखम पुरती कोरडी होईपर्यंत मोजा घालायचा नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

दवाखान्यात पांढरे लांब मोजे देतात, ते अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी असतात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. हिंडत्याफिरत्या माणसाच्या सुजेचा मोजा वेगळा. मला हे माहीत नव्हतं, ते पांढरेच घरी घालून बसलो होतो आणि गुडघ्यामागं त्यांची वळकटी होऊन काचत होती.

सूज का येते तेही विचारून घेतलं. रक्त वर नेण्याचं मोठं काम आतल्या खोल शिरा करतात, त्यामुळं ही एक शीर गेल्यानं पाय बंद पडत नाही. पण छेदाबरोबर बारीक रसवाहिन्या तुटतात, पाणी पायात साठतं, आणि ते ओसरायला महिने लागतात. मोजा घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जाईल तसा सैल असतो. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला स्वतःलाच पायाच्या शिरांचा आजार होता; पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की बरं वाटतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यावरून हा खाली जास्त आणि वर कमी दाबाचा मोजा निघाला. कृष्णेच्या घाटावर कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलेल्याला हे लगेच पटेल. पावलाशी पाणी जास्त दाबतं, मांडीशी कमी.

माझा पहिला मोजा मात्र फुकट गेला. दुकानदारानं पायाकडं नुसतं बघितलं आणि "मीडियम चालेल" म्हणून पाकीट दिलं. संध्याकाळी काढला तर गुडघ्याखाली बोट बसेल एवढी खोल खाच, आणि बोटं गार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी पावलावरची नाडी चाचपली, मग घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून ताडून बघितलं. शुगर आणि तंबाखूवाल्या माणसाच्या पायाच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या असू शकतात, अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर रक्त पोचायचंच थांबू शकतं, असं ते म्हणाले. माझ्या धमन्या ठीक निघाल्या. पण हे न तपासता मी दिवसभर तो मोजा घालून हिंडलो, याची आजही भीती वाटते.

दुसरा मोजा मापानं घेतला. माप सकाळी, सूज उतरलेली असताना. घोट्याच्या सगळ्यात बारीक जागी, पोटरीच्या सगळ्यात जाड जागी, आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत उंची. पहिल्या दर्जाचा, पाकिटावर दाब 18 ते 21 मिलिमीटर (बीपीसारखाच, पाऱ्याचा) लिहिलेला. छेद गुडघ्याच्या वर गेला असला तरी सूज खालीच होती, म्हणून गुडघ्यापर्यंतचाच पुरला. जोडी मिळते आणि मला एकच पाय झाकायचा, त्यामुळं एक पायात, एक दोरीवर, असं आपोआप जमलं.

तो चढवणं हे मात्र रोजचं काम आहे, आणि पहिले दोन महिने ते एकट्यानं होत नाही. छातीचं हाड सांधत असतं, जोर लावून ओढायला मनाई. आमची बायको सकाळी सहाला, मी पाय खाली टेकवायच्या आधी, पलंगाच्या कडेला बसायची. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायची, मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवायची, टाच नेमकी टाचेवर आणायची, मग तळहातानं चोळत चोळत वर न्यायची. "अहो, पाय सैल सोडा," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. वरची पट्टी धरून ओढली की मोजा बिघडतो आणि एका जागी दोन पदरी होतो.

तसं एकदा झालंच. त्या छेदालगत त्वचेची एक नस जाते, ती दुखावते, आणि नडगीची आतली बाजू बधिर पडते. मला तिथं ओला कागद चिकटवल्यासारखं वाटायचं, रात्री मुंग्या. मार्च महिन्यात त्या बधिर जागेवर मोज्याची एक घडी दिवसभर राहिली आणि मला कळलंच नाही. काढला तर घोट्यावर रुपयाएवढा फोड. त्यात शुगर! तेव्हापासून रात्री दिव्याखाली पाय धरून बायको आणि मी दोघं बघतो, बोटांच्या बेचक्यांसकट. गरम पाण्याचा अंदाजही त्या जागेला येत नाही, आंघोळीला आधी हात घालतो. बधिरपणा आता बराच आवरला आहे, घोट्यावर चार बोटं जागा अजून तशीच आहे.

कामावर फेब्रुवारीत गेलो, हळदीचे सौदे ऐन भरात. दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत. दुकानातल्या वहीच्या मागच्या पानावर रोज रात्री दोन्ही पोटऱ्यांचं माप लिहायला लागलो. मोज्याविना डावी 38, उजवी 35 सेंटिमीटर. मोजा घालून, तासाला एकदा उठून शेडमध्ये फेरी मारली की डावी 36. या वहीनंच एप्रिलमध्ये वाचवलं. एकाएकी दोन्ही पाय सुजायला लागले, मला वाटलं मोजा सैल झाला. डॉक्टरांनी आकडे बघून बीपीची अमलोडिपिन बदलली. त्या गोळीनं दोन्ही घोट्यांना सूज येऊ शकते. एका पायाची सूज आणि दोन्ही पायांची सूज या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही पाय सुजून वजन दोन दिवसांत किलो-दोन किलो वाढलं, तर ते हृदयाचं लक्षण असू शकतं. एकच पोटरी अचानक कडक होऊन दुखली किंवा दम लागला तर मोजा घालत बसायचं नाही, तडक दवाखाना.

एप्रिल-मे नकोसे गेले. सांगलीच्या उन्हात दुपारी तीनला मोज्याच्या आत घाम आणि खाज, वाटायचं कात्रीनं कापून टाकावा. काही दिवस दुपारनंतर काढला, आणि वहीत लगेच सेंटिमीटर वाढलेला दिसला. रात्री घालायचा नव्हता, तेव्हाच पायाला क्रीम लावायचं. सकाळी लावलं की मोजा घसरतो आणि त्याचं रबर खराब होतं. धुणं रोज, साध्या साबणानं, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून सावलीत. पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर टांगूनही वरची पट्टी दमट राहायची, दोन असल्याशिवाय भागत नाही. सहा महिन्यांत ताण गेला. सकाळी तो सहज वर सरकायला लागला, तेव्हाच कळलं.

गेल्या महिन्यात आमच्या एका हमालानं विचारलं, "दिवाणजी, तुमचा जुना मोजा मला द्या की." त्याच्या पोटरीवर शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात, दिवसभर पोती उचलतो. मी दिला नाही. टेप काढून त्याच्या पायाचं माप घेतलं, कागदावर लिहून दिलं आणि आधी नाडी बघून घे म्हणून माझ्या डॉक्टरांकडं पाठवलं.

मी या मोज्याला पाचपैकी चार देईन. एक गुण उन्हाळ्याचा कापला. आता दुसरी जोडी घेतली आहे, पुन्हा सकाळचं माप देऊन. आमराईत फिरायला जातो तेव्हा घालत नाही, खुर्चीत बसायचं असेल किंवा एसटीनं लांब जायचं असेल तेव्हा घालतो. काल रात्रीची नोंद: डावी साडेपस्तीस, उजवी पस्तीस.