आधी 'मॅनहाटा' की 'रेगन'?

शहरावरचा जुना मूकपट घरच्यांना दाखवायचा, तर माझ्यापुढे हे दोन होते. पॉल स्ट्रँड आणि चार्ल्स शीलर यांचा न्यूयॉर्कवरचा 'मॅनहाटा' (१९२१), आणि योरिस इव्हेन्स व मानुस फ्रांकेन यांचा अ‍ॅमस्टरडॅमवरचा 'रेगन' (१९२९), म्हणजे पाऊस. दोन्ही दहा-पंधरा मिनिटांत आटोपतात.

एकेक चौकट म्हणून पाहिलं तर 'मॅनहाटा'ला तोड नाही. फेरीबोट धक्क्याला लागते आणि दाटीवाटीने उभी असलेली माणसं भसाभस बाहेर पडतात. मला चर्चगेटच आठवलं. वॉल स्ट्रीटवर बँकेच्या काळ्याभोर खिडक्यांखालून लोक मुंग्यांसारखे जातात. कॅमेरा बहुतेक वेळ उंचावर जागा धरून बसतो आणि खालचं शहर निरखतो.

पण त्या पाट्या! मधूनमधून अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या ओळी पडद्यावर येतात. एकटा बघत होतो तेव्हा त्या खटकल्या नव्हत्या. घरी भिंतीवर सिनेमा लावला आणि आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी दर पाटीचं मराठी करत बसलो. माझं वाक्य संपेपर्यंत छपरावरची वाफ विरून गेलेली. तिसऱ्या पाटीला आई म्हणाली, "तू गप्प बस रे, मला धूर बघू दे." ओळी वाईट आहेत असं नाही, पण समोर दिसतंय त्याचीच पुन्हा वर्दी कशाला?

'रेगन'मध्ये ही कटकट नाही. वारा सुटतो, दोरीवरचे कपडे फडफडतात ("काढा की आत!" आई भिंतीकडे बघून म्हणाली), एक माणूस हात पुढे करून थेंब पडतोय का बघतो, कॉलर वर करतो. मग छत्र्या, कालव्यातली वर्तुळं, ट्रामच्या काचेवरून ओघळणारं पाणी. वाटते एकच सर, पण चित्रीकरण कित्येक महिने चाललं होतं. हान्स आइस्लरने १९४१मध्ये याला संगीत दिलं; आम्ही आवाज बंदच ठेवला, पंख्याची घरघर पुरली.

पोलादी तुळया, ब्रुकलिनचा पूल, शहराचा दांडगा आवाका हवा असेल तर 'मॅनहाटा'च लावा, माझी हरकत नाही. तेवढी दुरुस्त केलेली स्वच्छ प्रत शोधा. आईने मात्र 'रेगन' परत लावायला सांगितला. 'मॅनहाटा' मी सगळे झोपल्यावर पुन्हा पाहिला.