काउंटरवर मला जे खोटं बोलायला लावलं, तिथेच मी अडकले

"कुठे चाललात?"

"मस्कतला, मावसबहिणीकडे."

"किती दिवस?"

"पंधरा."

मुंबई विमानतळावर इमिग्रेशनच्या साहेबांना मी दिलेली ही उत्तरं. मस्कतला माझी कुणी मावसबहीण नाही. मी दोन वर्षं पेशंट सांभाळायच्या कामाला चालले होते. पण एजंटाने ही चार वाक्यं फोनवर दहादा पाठ करून घेतली होती, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये मिरज ते मुंबई रात्रभर मी तीच मनात घोळवत होते. साहेबांनी परतीचं तिकीट बघितलं, हॉटेलचं बुकिंग बघितलं आणि शिक्का मारला. ते तिकीट एजंटाने मी विमानात बसल्यावर रद्द केलं, हे मला फार उशिरा कळलं.

हे २०२२ मधलं आहे. मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे पेशंट सांभाळणाऱ्या बायाही भरपूर. मी एका ब्युरोमार्फत घरोघरी बारा-बारा तासांची ड्युटी करायचे. महिन्याला अकरा-बारा हजार, तेही पेशंट असेल तर. पेशंट गेला किंवा बरा झाला की पुढची ड्युटी लागेपर्यंत घरी. नवरा नाही, मुलगी बारावीला. आमच्याच ब्युरोतली एक ताई म्हणाली, "ओमानला केअरटेकर हवी आहे. एकच आजी, बाकी घरकामाला वेगळी बाई. १२० रियाल पगार, राहणं-खाणं त्यांचं." १२० रियाल म्हणजे तेव्हाचे पंचवीस हजारांच्या वर. व्हिडिओ कॉलवर एक मॅडम हिंदीत बोलल्या, आजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवता येईल का, नळीतून जेवण देता येईल का, असं नीट विचारलं. माझा विश्वास तिथेच बसला. ज्या बाईला पेशंटची एवढी काळजी, ती फसवेल कशी?

एजंटाने ८५,००० मागितले. ४०,००० बचत गटातून उचलले, आईची बोरमाळ पतसंस्थेत गहाण टाकली. ६०,००० रोख दिले, पावती नाही. २५,००० फोनवरून पाठवले, तेवढाच पुरावा आज माझ्या हातात आहे.

आता इथे जरा थांबून सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नववी पास. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआरचा असतो, म्हणजे ओमान, कुवेत, सौदी, कतार, दुबई अशा अठरा देशांत कामाला जायचं तर सरकारची आधी मंजुरी लागते. त्यातही बाईमाणूस असेल तर २०१६ पासून खाजगी एजंटाला पाठवताच येत नाही. केरळच्या नोरका रूट्ससारख्या सरकारी संस्थांमधूनच जावं लागतं, आणि घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तीसच्या वर लागतं. म्हणजे माझ्या एजंटाचा परवाना खरा होता की खोटा, हा प्रश्नच नव्हता. परवाना असता तरी मला नेण्याचा अधिकार त्याला नव्हता. ज्यांना परवानाधारक एजंटामार्फत जाता येतं, त्यांच्याकडूनही तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, तेही पावती देऊन. मी त्याच्या दुपटीहून जास्त मोजले.

एवढा सगळा नियमांचा अडथळा पार कसा करायचा? सोपं आहे. बाईला फिरायला पाठवायचं. व्हिजिट व्हिसावर गेलं की मंजुरी लागत नाही, करार दूतावासाकडे जात नाही, गल्फची मेडिकलही करावी लागत नाही. "मेडिकल नको, आपली वट आहे," असं तो म्हणाला तेव्हा मला उलट बरं वाटलं होतं, तेवढे पैसे वाचले म्हणून. कामाच्या व्हिसावर रीतसर मंजुरी घेऊन जाणाऱ्याचा प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाखांचा विमा उतरतो, दोन वर्षांचे फक्त २७५ रुपये. माझा काहीच नव्हता. सरकारच्या लेखी मी कामाला गेलेच नव्हते.

मस्कतला उतरले. एक माणूस मोबाईलमध्ये माझा फोटो घेऊन उभा होता. गाडीत बसल्या बसल्या त्याने पासपोर्ट मागितला, "बताका करायचा आहे." बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र. तो पासपोर्ट मी पुन्हा पाहिला नाही.

मला आजींकडे नेलंच नाही. नेलं घरोघरी कामाला बाया पुरवणाऱ्या ऑफिसात, तिकडे त्याला मक्तब म्हणतात. पुढे सोफे, मागे एक खोली, खाली गाद्या आणि सात बाया. दोघी आंध्रच्या, एक केरळची, एक श्रीलंकेची, बाकी आफ्रिकेच्या. दुपारनंतर घरंदाज कुटुंबं यायची, आम्हाला बाहेर बोलवायचे, ओळीत उभं करायचे. एका बाईने माझे हात हातात घेतले, तळवे उलटे-सुलटे करून बघितले, नखं बघितली. मला आधी वाटलं ती सलगीने धरते आहे. मग तिने शेजारच्या मुलीचेही तसेच बघितले. ते आठवलं की अजून माझे हात आपोआप पदराखाली जातात.

तिसऱ्या दिवशी मला एका घरी धाडलं, मस्कतपासून दोन तासांवर, सोहारच्या बाजूला. अकरा माणसं, दोन मजले. पेशंट होता खरा, पण आजी नाही, आजोबा. साखरेचा आजार, अर्धांगवायू, माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम. त्यांचं सगळं मी करायचेच, शिवाय अकरा जणांचा स्वयंपाक, भांडी, दोन्ही मजल्यांची फरशी आणि मुलांचे कपडे. पहाटे पाचला सुरुवात, झोपायला रात्रीचा एक. त्यातही दर दोन तासांनी आजोबांना वळवायला उठणं आलंच. त्यांना काही म्हणजे काही दोष नाही. त्यांची जखम दीड महिन्यात भरत आली. कमरेखाली उशी सरकवली की ते डोळे मिटून एक हात वर करायचे, तेवढंच त्यांना जमायचं.

पहिल्या महिन्याचा पगार ऑफिसने घेतला म्हणे. दुसऱ्या महिन्याला हातात ८० रियाल आले. मोबाईल शुक्रवारी दहा मिनिटं. तिसऱ्या महिन्यात मी जिन्यात चक्कर येऊन पडले आणि मालकिणीला सांगितलं, मला घरी पाठवा. तिने ऑफिसला फोन लावून दिला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुझ्यासाठी यांनी १,२०० रियाल भरलेत. ते दे आणि जा."

म्हणजे अडीच लाखांवर. मी इकडे ८५,००० भरले होते आणि तिकडे माझेच अडीच लाख कुणीतरी घेतले होते. त्या मालकिणीलाही, मला वाटतं, खोटंच सांगितलं असणार. तिने पैसे मोजले होते, म्हणून तिच्या दृष्टीने तीच फसली होती. हा धंदा दोन्ही बाजूंनी खातो.

मला सोडवलं माझ्या मुलीने. निघताना पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स मी घरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. ही एवढी एकच अक्कल मला सुचली. शुक्रवारच्या फोनवर मी फक्त "पेटी उघड" म्हटलं. तिने सायबर कॅफेत जाऊन परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकली, पासपोर्ट नंबर, घराचा अंदाजे पत्ता, मालकाचा फोन नंबर सगळं घालून. झेरॉक्स नसती तर तिला काय लिहिता आलं असतं? जाणाऱ्या प्रत्येकीने ही कागदं घरी ठेवाच.

दूतावासातून त्या घरी फोन गेला. घाबरून त्यांनी मला परत मक्तबात आणून सोडलं. तिथे दोन दिवस कोंडलं. आंध्रच्या एकीने कचरा टाकायची पिशवी माझ्या हातात दिली आणि दाराकडे नुसतं बघितलं. मी पिशवीसकट रस्त्यावर आले, टॅक्सी पकडली, "इंडियन एम्बसी, अल खुवैर" एवढंच म्हटलं. पिशवी टॅक्सीतही मांडीवरच होती.

दूतावासाच्या आसऱ्याला २३ दिवस होते. पासपोर्ट मिळालाच नाही, शेवटी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर, म्हणजे पासपोर्ट नसलेल्याला घरी परतायला दूतावास देतो त्या कागदावर, परत आले. तिकीट दूतावासाच्या कल्याण निधीतून निघालं.

मिरजेत तक्रार द्यायला गेले तेव्हा पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न आला, "बाई, तुम्हीच सांगितलं ना फिरायला चाललेय म्हणून?" मला राग आला नाही, कारण ते खरं होतं. एजंटाने मला काउंटरवर खोटं बोलायला लावलं ते नुसतं विमानात चढवण्यासाठी नव्हतं. पुढे मी कुठेही गेले तरी माझ्याच तोंडचं वाक्य माझ्या आडवं यावं, यासाठी होतं. ब्युरोतली ताई म्हणते, मी फक्त नंबर दिला. परदेशी कामाला जायची मंजुरी देणाऱ्या, मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या सरकारी कार्यालयातही मी अर्ज दिला आहे. बोरमाळ अजून सुटली नाही.

परदेशी जाऊच नका, असं मी म्हणत नाही. पोट सगळ्यांना आहे, आणि रीतसर गेलेल्या बाया चांगलं कमावून आल्याचं मी पाहिलं आहे. पण व्हिसावर व्हिजिट किंवा टुरिस्ट लिहिलं असेल, आणि कुणी "तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणत असेल, तर पाय उचलू नका. शंका असेल तर १८०० ११ ३०९० या सरकारी मोफत नंबरावर आधी विचारा. फोनला पैसे पडत नाहीत. मी विचारलं नाही, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात ब्युरोतली एक मुलगी माझ्याकडे आली, सव्वीस वर्षांची, आठवी शिकलेली. कुवेतचं काम, एकच आजी. तिने मोबाईलवर एजंटाचा आवाज ऐकवला: "काउंटरवर विचारलं तर मावसबहिणीकडे चालले म्हणायचं." माणूस वेगळा, वाक्य तेच. तिचा व्हिसा मी स्वतः वाचून दाखवला, दोनदा. तिकीट १४ तारखेचं होतं. ती गेली नाही. भरलेले ३०,००० तो अजून परत देत नाही, आणि त्यासाठी आम्ही दोघी येत्या सोमवारी पोलीस ठाण्यात जाणार आहोत.