राउटरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये आठ महिने

गणपतीच्या आठवडाभर आधी साडेपाच हजारांचा वायफाय ६ राउटर घेतला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. मला सांगायचंय ते राउटरच्या सेटिंगमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबबद्दल, आणि तो थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखाच असतो. रेंज म्हणाल तर मुलुंडच्या आमच्या टू बीएचकेला पुरते, शेजारपाजारची वीसेक नेटवर्क डोक्यावर असूनही. विषय संपला.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर म्हणून चालत होता, पत्ता १९२.१६८.१.१. नव्या राउटरचाही तोच. पत्ता बदलून काम भागलं, पण नॅट, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवणारी पत्त्यांची अदलाबदल, दोनदा होऊ लागली. तीन फोनांनंतर डबा ब्रिज मोडमध्ये गेला, म्हणजे राउटरगिरी सोडून नुसतं नेट पुढे देऊ लागला, आणि पीपीपीओईचं (नेट कंपनीकडे लॉगिन करायचं) यूजरनेम माझ्या राउटरमध्ये आलं. फोनवर ‘ब्रिज मोड करून द्या’ एवढंच म्हणा. कशासाठी हवाय ते समजावत बसलात तर माणूस राउटर रीस्टार्ट करायला सांगतो.

मग पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक उपकरणाकडे पाठवायचा नियम. टीव्हीच्या कपाटात एक जुना लॅपटॉप कायम चालू असतो, त्यावर घरचे फोटो आणि बाबांची कॅसेटवरून उतरवलेली नाट्यपदं. फोटो बीकेसीतल्या ऑफिसमधून दिसावेत एवढीच इच्छा. दोन संध्याकाळी नियम लिहिले, खोडले, परत लिहिले. शेवटी स्टेटस पानावर नीट पाहिलं, तर वॅनचा आयपी, म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, १०० ने सुरू होत होता. म्हणजे सीजीनॅट, नेट कंपनीच्या पातळीवरचं नॅट. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवला गेला: नेट कंपनी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. सोसायटीच्या मेन गेटला कुलूप असताना आपण फ्लॅटचं दार सताड उघडं टाकून कुरिअरवाल्याची वाट बघावी, तसं माझं चाललं होतं. अशा कनेक्शनवर पोर्ट फॉरवर्डिंग, डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे पाठवणारं), यूपीएनपी (उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारं) ही सगळी शोभेची बटणं. मुलाच्या गेममध्ये ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’ येतं तेही त्यामुळेच, पण त्याच्या मते चूक बाबाचीच. तेव्हा राउटरला हात लावण्याआधी हा एक आकडा बघा. माझ्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

खरा छळ मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना मिळून पाठवलेल्या संदेशांनी, केला. टीव्ही डीएलएनएवरून (घरातल्या एका उपकरणावरचं दुसऱ्यावर वाजवायची पद्धत) लॅपटॉपमधली गाणी वाजवतो. नवा राउटर आल्यावर लॅपटॉप रीस्टार्ट केला की टीव्हीच्या यादीत दिसायचा, चार-पाच मिनिटांत गायब. चालू असलेलं पद पूर्ण व्हायचं, पण बाबा यादीत परत गेले की यादी रिकामी. “तुझी पेटी परत पळाली रे,” हे बाबांचं वाक्य (पेटी म्हणजे लॅपटॉप) मी महिनाभर ऐकलं.

कारण कळलं तेव्हा त्यातला हिशोब आवडला. टीव्ही ‘कोणी आहे का?’ ही हाक २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यावर मारतो. राउटरमधलं आयजीएमपी स्नूपिंग ती हाक फक्त त्या गटात नाव नोंदवलेल्या उपकरणांकडेच जाऊ देतं. पण नोंदणी टिकायची तर कोणीतरी ‘अजून आहात ना?’ असं अधूनमधून विचारायला हवं. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. तो नेहमी दर १२५ सेकंदांनी विचारतो, आणि २६० सेकंदांत उत्तर दिसलं नाही तर नाव कटतं. माझ्या राउटरमध्ये स्नूपिंग चालू होतं, क्वेरिअर नव्हताच! लॅपटॉप बिचारा जागेवरच होता, त्याला कोणी विचारत नव्हतं. स्नूपिंग बंद केलं आणि पेटी पळायची थांबली.

शेजारीच ‘आयजीएमपी प्रॉक्सी’ नावाचं बटण असतं, ते वेगळं. ते कंपनीकडून मल्टिकास्टने आयपीटीव्ही (नेटवरून येणारे टीव्ही चॅनेल) येत असेल तरच कामाचं. आमच्याकडे येत नाही, बंद. आयपीटीव्हीवाल्यांनी मात्र स्नूपिंग घाईने काढू नये. वायफायवर मल्टिकास्ट सर्वांत कमी वेगाने जातं आणि अख्खं घर हळू होतं.

आता माझी चूक. पेटीच्या मागे लागलो असताना मी एकेक करून सगळं बंद करून पाहत होतो, त्यात बाहेरून येणारं अडवणारी फायरवॉलही होती. परत चालू करायची राहून गेली. दोन महिने. आदल्या रात्री घरी उघडलेलं फोटोंचं पान फोनमध्ये तसंच होतं, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यासकट. सकाळच्या लोकलमध्ये भांडुपच्या आसपास ते चुकून रिफ्रेश झालं आणि फोटो उघडले. मोबाइल डेटावर. पासवर्डशिवाय. हातातला दांडा सुटता सुटता राहिला.

मी नॅटच्या भरवशावर होतो. जुन्या आयपीव्ही४ वर नॅट असल्याने बाहेरचा सहसा आपोआप आत येत नाही, ते ठीक. पण आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, मध्ये नॅट नसतं, आडवी येते ती फक्त फायरवॉल. आणि या राउटरमध्ये दोन्हींसाठी मिळून एकच बटण, ते बंद असल्याची सूचना कुठेही नाही. याचे मी दोन स्टार कापतोय.

आता फायरवॉल चालू, आयपीव्ही६ वर वायरगार्डसाठी (घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा, म्हणजे व्हीपीएन) एक यूडीपी पोर्ट तेवढं उघडं, फोटो त्यातूनच. ऑफिसच्या वायफायवर आयपीव्ही६ नाही म्हणून मोबाइल डेटा लावावा लागतो, चालतं. यूपीएनपी बंद. इंटरनेट कॉलमध्ये ढवळाढवळ करणारं एसआयपी एएलजीही बंद, बायकोचे ऑफिसचे कॉल तेव्हापासून मधेच तुटत नाहीत. कॅमेरा आणि स्मार्ट प्लग गेस्ट नेटवर्कवर. पाहुणेही त्यावरच, त्यामुळे त्यांच्या फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही. गणपतीत यावरून टोमणे खाल्ले.

गेल्या महिन्यात फर्मवेअर अपडेट आपोआप झालं. मला पत्ता नव्हता. रात्री जेवताना बाबा म्हणाले, “पेटी पळाली.” लॉगिन करून पाहिलं, स्नूपिंग परत चालू.