टर्बो टायमर: नऊ महिने वापरला, मग काढून टाकला

घाईत असाल तर एवढंच वाचा. टर्बो टायमर म्हणजे चावी काढल्यावरही डिझेल गाडीचं इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारी डबी. गाडी नुकतीच शिकला असाल आणि ती गिअरची असेल, तर टर्बो टायमर बसवू नका. टर्बोला त्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. माझ्या डाव्या पायाचं आणि त्या डबीचं पटलं नाही, एवढंच.

मी बेळगावची, राहते अनगोळला. शाळा जांबोटी भागात. बरीच वर्षं बस आणि स्कूटरवर काढली. त्या रस्त्याचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको. रेनकोटच्या आतून भिजायला होतं. शेवटी बेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग क्लास लावला, लायसन काढलं आणि ह्यांच्या ओळखीतून 2016 ची स्विफ्ट डिझेल घेतली. 81,000 किलोमीटर चाललेली होती. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे ही गाडी आता सेकंडहँडच मिळते. इंजिन 1,248 सीसीचं, मूळ फियाटचं. टाटाच्या व्हिस्टात आणि फियाटच्या पुंटोतही तेच होतं. त्यामुळे आमच्याकडच्या कुठल्याही गॅरेजात ते ओळखीचं असतं.

टायमरचं खूळ माझ्या दिराचं. ते पुण्याला असतात, गाड्यांचे भारी शौकीन. "वहिनी, डिझेल गाडी आहे, पळवून आणल्या आणल्या बंद करू नका, टर्बो जाईल," असं फोनवर चारदा सांगून झालं आणि पाचव्यांदा पार्सलच आलं. डबी 3,200 ची, शहरातल्या एका इलेक्ट्रिशियनने बसवायचे 700 घेतले.

दीर सांगत होते ते चूक नव्हतं. टर्बो म्हणजे एका दांड्यावर दोन चकत्या. धुराच्या जोरावर एक फिरते, ती दुसरीला फिरवते आणि दुसरी इंजिनात हवा कोंबते. हा दांडा जोरात चालताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. ते तेल येतं इंजिनाच्या पंपातून. घाट चढून आल्या आल्या चावी फिरवली की पंप थांबतो, पण धुराकडची बाजू रसरशीत तापलेलीच असते. आत अडकलेलं तेल तिथंच जळतं. वडे तळून झाल्यावर कढईच्या काठाला जो चिकट काळा थर धरतो, तसाच थर आत धरतो. म्हणून जोरात चालवून आलं की बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवावं, हा सल्ला जुना आणि बरोबर आहे. टायमर एवढंच काम तुमच्या माघारी करतो. तुम्ही चावी काढून निघून जायचं. आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, इग्निशन धरून ठेवतो आणि ठरवलेला वेळ संपला की सोडतो. माझ्या डबीवर तीस सेकंदांपासून पाच मिनिटांपर्यंत वेळ लावता यायचा. मी एक मिनिट लावला होता.

पहिला महिना करमणुकीत गेला. सासूबाई जोत्यावर बसलेल्या असायच्या. "बंद केलीस म्हणतीस, खरं ती अजून बोलायलीय की!" शाळेत पोरं रोज मागून पळत यायची, "टीचर, टीचर, गाडी चालूच राहिली!" त्यांना एकदा फळ्यावर चकत्या काढून टर्बो समजावून सांगितला. तेवढ्या बाबतीत पैसे वसूल झाले म्हणायचे.

पण कटकटीही पहिल्याच महिन्यात दिसायला लागल्या. इंजिन चालू असेतो माझ्या गाडीचं रिमोट काम करायचं नाही, त्यामुळे दाराला चावी लावून कुलूप. डिझेल भरायला गेले, सवयीने चावी काढली, तर इंजिन सुरूच. पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन दोन पावलं मागं सरला आणि माझ्याकडं असा बघायला लागला की मीच काहीतरी करणी केलीय. डबीवर एक बटण असतं, ते दाबलं की लगेच बंद होतं. ते ऐनवेळी आठवायला हवं ना.

आणि मग ऑगस्टमध्ये ते घडलं.

शाळेचं मैदान थोडं उताराचं आहे. क्लासमध्ये आम्हाला शिकवलं होतं की उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायची, म्हणजे हँडब्रेक सुटला तरी गाडी घरंगळत नाही. मी त्याप्रमाणे थांबले, क्लच दाबलेला, पाय ब्रेकवर, पहिला गिअर टाकला, चावी फिरवून काढली आणि दोन्ही पाय उचलले. साध्या गाडीत हे बिनघोर असतं, कारण चावीबरोबर इंजिन गप्प झालेलं असतं. माझं गप्प झालेलं नव्हतं. क्लच सुटताच गाडीने उडी मारली, दोन-अडीच हात पुढं गेली, समोर रचून ठेवलेल्या चिऱ्यांना बंपर लागला आणि गचका खाऊन इंजिन बंद पडलं. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र तसेच चालू, आणि टायमरवर आकडे शांतपणे उतरत होते: 41, 40, 39.

बंपरला चीर गेली, त्याचं काही नाही. त्या जागेवर पाच मिनिटं आधी चौथीची पोरं लगोरी खेळत होती.

त्या दिवशी गाडी घरापर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. वाटेत उद्यमबागच्या अलीकडे एक कन्नड मेकॅनिक आहेत, आमच्या गाडीचं तेलपाणी तेच बघतात. त्यांनी डॅशबोर्डाखाली डोकं घातलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढलं. टायमरची एक वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच टायमर इंजिन धरून ठेवणार. सोडला की लगेच बंद करणार. मॅन्युअल गाडीत जीव वाचवणारी वायर म्हणजे ही. बसवणाऱ्याने मेहनत वाचवायला ती स्विचला न जोडता सरळ गाडीच्या पत्र्याला अर्थिंग करून टाकली होती. म्हणजे डबीला कायम वाटायचं, हँडब्रेक ओढलेलाच आहे. कुणाच्या गाडीत टायमर असेल तर आजच एक गोष्ट करून बघा: सपाट जागी, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर, आणि हँडब्रेक न ओढता चावी बंद करा. इंजिन चालू राहिलं, तर तुमचीही वायर तशीच आहे.

"याक बेक्री टीचर हे?" त्यांनी विचारलं. कशाला हवंय तुम्हाला हे? माझ्याकडं उत्तर नव्हतं. दिराने पाठवलं, हे काय उत्तर झालं? पण पैसे घातले होते, म्हणून वायर नीट जोडून घेतली आणि वापरत राहिले.

वायर नीट झाल्यावर हँडब्रेक न ओढता उडी बसायची भीती गेली, अडचण राहिलीच. टायमर चालवायचा तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि भरवसा एकट्या हँडब्रेकवर. क्लासने लावलेली सवय त्याच्या बरोबर उलटी. वीस वर्षं गाडी चालवणारा माणूस मनात दोन्ही ठेवू शकेल. माझ्यासारखीचं डोकं अजून हाफ क्लच, आरसा, मागचा उसाचा ट्रॅक्टर आणि गिअर कितवा यातच अडकलेलं असतं. सवयी पक्क्या व्हायच्या वयात त्यांना अपवाद शिकवायला गेलं की सवयही धड राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सावंतवाडीहून परतताना आंबोली घाट चढलो. गाडीत पाच माणसं, सामान, बहुतेक चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. वर धबधब्यापाशी पोरांनी थांबायचा हट्ट धरला. टायमरसाठी याहून योग्य वेळ कुठली? पण रस्ता चढाचा, आजूबाजूला माणसं, मक्याची कणसं विकणारे, आणि इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलला सोडून मी उतरायचं? उतरले नाही. मिनिट संपेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले, मग गिअर टाकला. बसल्या बसल्या डोक्यात आलं की मी बसणारच असेन तर डबी काय करतेय? मिनिटभर बसून चावी फिरवायला मला 3,900 रुपये कशाला हवेत?

कायदाही तेच सांगतो, हे नंतर कळलं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 126: सार्वजनिक जागी उभ्या गाडीत लायसन असलेला माणूस ड्रायव्हरच्या सीटवर हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी सोय केलेली हवी. गर्दीत इंजिन चालू ठेवून उतरायचं तर या कलमाला काय सांगणार? घराच्या आवारात ठीक आहे म्हणाल, तर बंद शेडमध्ये धुराचं काय?

मास्तरीण असल्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर दोन महिने मी एका वहीत प्रत्येक वेळी लिहिलं: कुठं थांबले आणि थांबण्याआधीची दहा मिनिटं गाडी कशी चालली. शाळेकडं जाताना शेवटचा रस्ता खड्ड्यांचा, तिथं कुणाचाच टर्बो तापत नाही. परतताना किणयेपासून थोडी पळते, पण पिरनवाडी आली की संपलं. उद्यमबागेतल्या कारखान्यांची सुट्टी, तिसऱ्या रेल्वे गेटचा पूल, पुढं अनगोळच्या गल्ल्या. घरी पोचेतो टर्बो आपोआप निवलेला असतो. दोन महिन्यांत तापलेल्या गाडीने थेट थांबण्याचे प्रसंग आले चार: आंबोली, दोनदा चोर्ला घाट चढून वर चहाला, आणि निपाणीहून येताना तवंदी घाट चढून. चारही वेळा मी सीटवरच होते. बाकी शंभराच्या वर वेळा टायमरने थंड टर्बोला आणखी थंड केलं. डिझेल फार जात नाही, तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास. त्यामुळे तो मुद्दा मी धरत नाही.

एक प्रश्न दिरांनाही विचारला होता. नव्या टर्बो गाड्या सिग्नलला स्वतःच इंजिन बंद करतात आणि क्लच दाबला की परत सुरू होतात. बंद करणं इतकं वाईट असतं तर कंपन्यांनी तशी सोय दिली असती का? त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं की हळू चालून आलेल्या गाडीला काही होत नाही. नव्या पेट्रोल टर्बोंना बहुतेक पाण्याचंही कूलिंग असतं आणि इंजिन बंद झाल्यावरही ते पाणी काही वेळ उष्णता ओढत राहतं. माझ्या टर्बोला तेलाचीच नळी आहे, मेकॅनिकनी बोट लावून दाखवली, म्हणून माझ्याबाबतीत काळजी थोडी जास्त. पण ती काळजी तेल वेळेवर बदलण्याची. मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याकडे येणारे मेलेले टर्बो बहुतेक जुन्या तेलाने आणि फाटक्या एअर फिल्टरने मेलेले असतात. आमच्या रस्त्याची तांबडी धूळ बघता ते पटतं. 3,900 रुपयांत तेल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर झाले असते, वर एका रविवारी क्लासच्या सरांना घेऊन चढावर गाडी उचलायचा सराव. तो मात्र मी नंतर केला आणि त्याचा उपयोग रोज होतो. या डिझेलमध्ये इंजिनाच्या मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आसपास ताकद येते, त्याच्या खाली ती झोपलेली असते. कपिलेश्वर पुलाच्या चढावर मागून हॉर्न वाजत असताना हे माहीत असणं कुठल्याही डबीपेक्षा मोठं.

टायमर कुणाला शोभेल, तेही सांगते. ज्याने इंजिन रीमॅप करून, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, ताकद वाढवलीय, गाडी खरंच पिळतो आणि स्वतःच्या कुंपणात सपाट जागी लावतो, त्याला. हँडब्रेकची वायर मात्र स्वतः तपासून. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापण्याआधी विचार करा.

मार्चमध्ये काढला. मेकॅनिकनी काढायचे 200 घेतले आणि कापलेल्या वायरी परत जोडून टेप मारली. जाता जाता पुढची नळी काढून टर्बोची चकती बोटाने हलवून बघितली, ढिलाई नव्हती. टायमरमुळे नव्हती की मुळातच नव्हती, हे ठरवायला दुसरी स्विफ्ट घ्यावी लागेल. डबी ड्रॉवरमध्ये पडून आहे, दिरांना सांगितलंय, येताना न्या. डॅशबोर्डवर टेपचा डाग राहिलाय.

घाट चढून थांबले की आता मी गाडी न्यूट्रलला घेते, हँडब्रेक ओढते आणि मनात चौथीची हजेरी घेते. गेल्या वर्षी 31 नावं होती, सावकाश घेतली की बरोबर मिनिट व्हायचं. मग क्लच दाबून चावी बंद, आवाज थांबला का ऐकायचं, आणि त्यानंतर गिअर. यंदा चौथीचा पट 19 आहे, म्हणून तिसरीचीही नावं घेते.