इंक टँक प्रिंटर, ८ महिन्यांनंतर: छपाई झकास, पण ‘ऑफलाइन’नं वात आणला

मिनिटाला किती पानं, बाटलीत किती शाई, हे सगळं खोक्यावर छापलेलं आहे, ते परत लिहीत नाही. सातबारा, आधारच्या प्रती, पोरांचे प्रकल्प एवढं सगळं छापूनही काळी शाई अजून निम्म्याच्या वर आहे. कोपऱ्यावर झेरॉक्सला जाणं बंद झालं. इथपर्यंत ५ पैकी ५. पुढचं सगळं रडगाणं एकाच शब्दाचं आहे.

प्रिंटर चालू, वायफायचा दिवा स्थिर, फोनवरून पान निघतंय, आणि लॅपटॉप म्हणतो ‘ऑफलाइन’. कस्टमर केअरकडे याला एकच औषध: ड्रायव्हर (लॅपटॉपमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढा, परत टाका. वैताग असा की, त्यानं खरंच चालतं. दहा-पंधरा दिवस. पुन्हा लाइट गेली की पुन्हा ऑफलाइन. चारदा हेच झाल्यावर त्यांचं पुढचं उत्तर ‘बोर्ड बघावा लागेल’. बोर्डाचा काही संबंध नाही, ड्रायव्हरचाही नाही.

होतं काय, तर राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला तात्पुरता पत्ता देतो, समजा प्रिंटरला १९२.१६८.१.७. ड्रायव्हर टाकताना लॅपटॉप हा आकडा लिहून ठेवतो. मग प्रिंटर आठवडाभर बंद राहतो किंवा लाइट जाते आणि राउटर नव्यानं उठतो. स्वस्तातले बरेच राउटर उठल्यावर जुनी यादी विसरलेले असतात. प्रिंटरला आता मिळतो १२, आणि लॅपटॉप अजून ७ चंच दार वाजवत बसतो. ड्रायव्हर परत टाकला की लॅपटॉप नवा पत्ता लिहून घेतो, एवढाच त्या औषधाचा गुण. फोन मात्र पत्ता लिहून ठेवत नाही, दरवेळी ‘इथं प्रिंटर कोण आहे?’ अशी हाक मारतो. म्हणून तो छापतो.

खात्री करायला प्रिंटरच्या बटणांवरून नेटवर्कचं पान छापून घ्या. कोणती दोन बटणं धरायची ते मॉडेलप्रमाणे बदलतं, माहितीपुस्तिकेत असतं. पानावर आयपी पत्ता (राउटरनं दिलेला तो आकडा) आणि १२ अक्षरी मॅक पत्ता (यंत्राची स्वतःची ओळख) मिळतो. तो आयपी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. शाईची पातळी दाखवणारं प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, तर नेटवर्क ठणठणीत आहे आणि दोष लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, म्हणजे त्यानं लिहून ठेवलेल्या पत्त्यात आहे. नुसत्या पिंगवर (पत्त्याला ‘आहेस का?’ विचारून उत्तर बघण्यावर) विसंबू नका. जुना ७ नंबर एव्हाना टीव्हीला गेलेला असतो, उत्तर छान येतं, पण ते टीव्हीचं असतं.

पान उघडलंच नाही तर लॅपटॉपचा पत्ता बघा. पहिले तीन आकडे प्रिंटरशी जुळले पाहिजेत. एक १९२.१६८.०. आणि दुसरा १९२.१६८.१. असेल, तर घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत आणि दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या घरात बसलीत. गेस्ट वायफायवर असाल तरी यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खासगी वाट) आधी बंद करून पाहा, बऱ्याच ऑफिसांचं व्हीपीएन घरचं नेटवर्क पूर्ण झाकून टाकतं.

आता पक्का उपाय. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर त्याच्या पानाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तिथं डीएचसीपीखाली (पत्ते वाटण्याचा भाग) ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. काही राउटरांत यालाच ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ म्हणतात. प्रिंटरचा मॅक पत्ता घाला, समोर एक आकडा ठरवून द्या, समजा १९२.१६८.१.२००, सेव्ह करा आणि प्रिंटर बंद करून चालू करा.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, आणि तिथं ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’. शेजारचं ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे, तिथं पोर्ट सापडणार नाही. ‘पोर्ट्स’मध्ये ज्याला बरोबरची खूण आहे ते नाव वाचा. ‘डब्ल्यूएसडी’नं (विंडोजनं आपोआप बनवलेला पोर्ट) सुरू होत असेल तर नवा पोर्ट जोडा: ॲड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, पत्ता २०० वाला, प्रोटोकॉल रॉ, नंबर ९१००. यंत्राचा प्रकार विचारला तर ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’ राहू द्या. काही ड्रायव्हर कंपनीचाच वेगळा पोर्ट वापरतात. तसं असेल तर हात लावू नका, पत्ता राखून झाल्यावर ड्रायव्हर शेवटचा एकदा परत टाका, बास.

त्याच खिडकीत ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबल्यावर खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वर बरोबरची खूण दिसेल. ती काढा. विंडोज या वाटेनं प्रिंटरची हालहवाल विचारतं आणि उत्तर आलं नाही की धडधाकट प्रिंटरला ऑफलाइन ठरवून मोकळं होतं. एवढीशी खूण, पण निम्मा मनस्ताप तिचा.

अपडेट, सहावा महिना. वायफायला आधी ५ पैकी १ दिला होता, तो ३ करतोय. पत्ता राखल्यापासून ‘ऑफलाइन’ फक्त एकदाच आलं आणि ते वेगळं निघालं. नेटवर्कच्या पानावर पत्ता होता १६९.२५४ नं सुरू होणारा. याचा अर्थ प्रिंटरला राउटर भेटलाच नाही आणि त्यानं स्वतःच काहीतरी आकडा घेतला. लाइट आली, प्रिंटर अर्ध्या मिनिटात उठला, राउटरला दोन-तीन मिनिटं लागली. उपाय साधा आहे, राउटर उठल्यावर प्रिंटर बंद-चालू करा. वारंवार होत असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत.

नव्यानं जोडणाऱ्यांसाठी थोडक्यात. हे घरगुती प्रिंटर बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरनं २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल तर जोडणी अडते, तेव्हा सेटअपपुरता ५ बंद करा. नंतर लॅपटॉप ५ वर राहिला तरी चालतो, राउटर एकच असला म्हणजे झालं. राउटरमध्ये वायफायची सुरक्षा फक्त नव्या डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुन्या डब्ल्यूपीए२ वर आणा.

आणि काटकसरीची गोष्ट. ऑफलाइन दिसत असताना रागारागानं पाच वेळा ‘प्रिंट’ दाबू नका. पाचही कामं रांगेत बसतात आणि जोडणी आली की पाचही रंगीत पानं एकापाठोपाठ बाहेर पडतात. रांग अडकून ‘डिलिटिंग’वरच थांबली असेल तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरातल्या फायली उडवा (फोल्डर ठेवा) आणि स्पूलर परत सुरू करा. जोडणी बिघडली म्हणून हेड क्लीनिंग चालवणाऱ्यांना तर हात जोडतो. त्यात शाई थेट वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई टिपणाऱ्या पॅडमध्ये) जाते आणि नेटवर्कला ढिम्म फरक पडत नाही.

उरलेले २ गुण लॅनच्या भोकाचे (राउटरची केबल थेट खोचायच्या जागेचे) आहेत, ते दिलं असतं तर निम्मा लेख लागलाच नसता. यूएसबी केबल माळ्यावर टाकू नका. ऐन घाईत तीच उपयोगी पडते, आणि ड्रायव्हर सांगेपर्यंत ती खोचायची नाही.

ब्रॉडबँडवाला राउटर बदलून देणार असेल तर नव्याला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांगा, प्रिंटर आपोआप जोडला जाईल. २०० नंबर मात्र जुन्या राउटरबरोबर गेला, तो नव्यात परत राखून ठेवायचा.