संकरित, सुधारित की गावठी? खानापूर ते अथणी, परड्यासाठी बियाण्यांची तुलना

मिरगाच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानात गर्दी होते आणि घरच्या परड्यासाठी बी घ्यायला आलेला माणूस बहुतेक वेळा शेतकरी घेतो तेच पाकीट उचलतो. पण शेतकऱ्याची गरज वेगळी आणि घराची वेगळी. बाजारासाठी माल एकदम तोडणीला यावा, एकसारखा दिसावा, गाडीत टिकावा लागतो. घराला दर दोन-तीन दिवसांनी भाजीपुरती चार वांगी हवी असतात, तीही कित्येक महिने. संकरित वाण मुख्यतः पहिल्या गरजेसाठी तयार झालेले आहेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: परड्यात आधी सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येतं ते, आणि रोग पीक हाती लागू देत नाही तिथेच संकरित.

सरळ वाण म्हणजे फक्त गावठी नव्हे. कृषी विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी निवड करून दिलेले सुधारित वाणही सरळच असतात. त्यांचं बी घरी धरता येतं, पुढच्या वर्षी झाड तसंच येतं आणि गावठीपेक्षा रोगाला थोडं जास्त तोंड देतं. बियाण्यांची चर्चा गावठी विरुद्ध संकरित अशी रंगते आणि हा मधला पर्याय बाजूला पडतो. संकरिताचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात, कुणी आईसारखं तर कुणी बापासारखं, म्हणजे दरवर्षी पाकीट विकत घेणं आलं.

दुसरा प्रश्न तुम्ही राहता कुठे. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस हजारो मिलिमीटर, तर अथणीकडे जेमतेम पाच-सहाशे. एकाच बेळगाव जिल्ह्यातल्या या दोन टोकांना एकच वाण सुचवणं चुकीचं आहे.

टोमॅटोत हे सगळ्यात ठळक दिसतं. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी, आम्लधर्मी माती आणि सततची ओल म्हणजे जिवाणूजन्य मर रोगाला मोकळं रान. हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत माना टाकतं, पानं पिवळी पडायलाही वेळ मिळत नाही. खात्री करायची तर मेलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा वीतभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून स्थिर धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर रोग जिवाणूचाच. त्यावर फवारणीचा उपयोग नाही. जागा बदलायची किंवा वाण बदलायचा.

अशा ठिकाणी बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे दोन वाण समोर ठेवून बघा. अर्का आभा हा सरळ वाण मर रोगाला प्रतिकारक आहे. अर्का रक्षक हा संकरित, आणि तो मर रोगासोबत पानं मुरडणारा विषाणू आणि लवकर येणारा करपा या दोन्हींना तोंड देतो. पावसाळ्यातच टोमॅटो हवा असेल आणि आधी झाडं गेली असतील तर इथे मी बिनदिक्कत रक्षक घ्या म्हणेन. हिवाळ्यात लावणार असाल तर आभा पुरे. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या, कोरड्या मातीत मर रोगाची एवढी धास्ती नाही. तिथे पुसा रुबी किंवा अर्का विकास लावावा. पुसा रुबीचं फळ चपटं, किंचित खाचा असलेलं आणि आंबट असतं. त्याच्या साराची चव जाड सालीच्या बाजारी टोमॅटोला येत नाही. शिवाय टोमॅटोच्या फुलात परागीभवन बहुतांशी आपलं आपणच होतं, त्यामुळे सरळ वाणाचं बी धरणं इथे सगळ्यात सोपं.

मिरचीत आपल्या भागाकडे स्वतःचं धन आहे. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची लांब, बारीक, झणझणीत संकेश्वरी एकीकडे. हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, लालभडक रंगाची पण तिखटाला सौम्य ब्याडगी दुसरीकडे. ब्याडगीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षाची चटणी करताना एक तिखटासाठी आणि एक रंगासाठी, असा घरोघरचा हिशेब असतो. पण परड्यात चार-सहा झाडं लावणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की वर्षाच्या चटणीला लागणारी किलोंनी मिरची तेवढ्या झाडांवर होत नाही. रोजच्या फोडणीला आणि ठेच्याला हिरवी मिरची हवी, आणि त्यासाठी पुसा ज्वाला हा सरळ वाण दोन्हींपेक्षा सरस आहे: फळ पोपटी, लांब, तिखट. ब्याडगी पूर्व भागात लावा, जिथे फळ झाडावर लाल होताना पाऊस लागत नाही. खानापूरच्या बाजूला ती कुजायचीच शक्यता जास्त. संकेश्वरीची दोन झाडं मात्र मी प्रत्येकाला लावायला सांगेन, कारण संकरित मिरच्यांच्या रेट्यात तिचं अस्सल बी टिकवायचं तर ते घराघरात असायला हवं.

एक अडचण आहे. मिरचीची फुलं मधमाश्यांमुळे सहज एकमेकांत मिसळतात. ज्वालाशेजारी संकेश्वरी असेल तर धरलेलं बी शुद्ध राहत नाही. उपाय साधा: एका फांदीवरच्या कळ्या उमलायच्या आधी त्यावर जुन्या मलमलीची पिशवी सैल बांधायची, आत फळ धरलं की पिशवी काढून त्या फळांना रंगीत दोरा बांधून ठेवायचा. फक्त त्याच फळांचं बी घ्यायचं. पानं आकसवणारा चुरडा-मुरडा मिरचीच्या सगळ्याच वाणांवर कमी-अधिक येतो. त्यामागे फुलकिडे आणि कोळी असतात, तेव्हा बी बदलण्यापेक्षा पानांची खालची बाजू नियमित बघणं जास्त कामाचं.

वांग्यात चवीचा विचार आधी. भरल्या वांग्याला कृष्णाकाठचं छोटं, काटेरी वांगं हवं. भरताला मांजरी गोटा, मोठं गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेषा असलेलं. दोन्ही सरळ. मर रोगाच्या जमिनीत मात्र अर्का निधी किंवा अर्का केशव. त्यांची फळं लांबट, त्यामुळे ती भरण्यापेक्षा फोडींच्या भाजीला बरी. पहिला बहर संपला की झाड गुडघ्याएवढं छाटा, ते पुन्हा फुटतं.

भेंडीचा शत्रू केवडा रोग, पानांच्या शिरा पिवळ्या करणारा आणि पांढऱ्या माशीने पसरणारा. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे दोन्ही सरळ वाण त्याला प्रतिकारक म्हणूनच आले, पण आता बऱ्याच ठिकाणी तो प्रतिकार सैल पडला आहे. उन्हाळी भेंडीवर केवडा हमखास येत असेल तर नवा संकरित वाण घेणं रास्त. पावसाळी भेंडीसाठी तो खर्च नको.

वेलभाज्यांत गावठी दोडका आणि दुधी उत्तम येतात, तिथे पाकीट शोधू नका. कारल्यात फुले ग्रीन गोल्ड किंवा कोकण तारा घ्या. काकडीत दोन वाणांची तुलना करण्यासारखी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शीतल जास्त पावसाच्या डोंगराळ भागासाठीच आहे, म्हणजे खानापूरची. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी पांढरी, आणि पूना खिरा या वाणासारखी तपकिरी पडत नाही. निपाणी-चिकोडीकडे ती घ्या.

मेथी आणि कोथिंबिरीला किराण्यातलं बी चालतं. धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरायचे एवढंच. कोबी-फ्लॉवरचं बी धरायला थंडी लागते, ती आपल्याकडे तेवढी नसते. तेव्हा तिथे संकरिताशी वाद नको, रोपवाटिकेतून तयार रोपं आणावीत.

पाकीट घेताना वाणाच्या नावाआधी उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधता वाचा. प्रमाणित बियाण्याला टोमॅटो-वांग्यासाठी किमान 70 टक्के, भेंडीला 65 आणि मिरचीला 60 टक्के उगवण लागते. निळा टॅग म्हणजे प्रमाणित. हिरव्या टॅगचं सत्यप्रत बियाणं कंपनीच्या स्वतःच्या हमीवर असतं. गुलाबी-निळा रंग चढवलेल्या बियांना औषध लावलेलं असतं, पेरून झाल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी मुलांच्या हाती लागू देऊ नका. सुधारित सरळ वाणांसाठी धारवाडचं कृषी विद्यापीठ, अरभावीचं बागायत महाविद्यालय आणि मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र इथे आधी चौकशी करावी.

फुलांत पहिला मान झेंडूचा, आणि इथे लोकांचा अंदाज बरेचदा चुकतो. पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा ही मोठ्या फुलांची सरळ वाणं आहेत, पण पेरल्यापासून फुलायला त्यांना चार महिन्यांहून जास्त लागतात. दसऱ्याला तोरण घरच्या फुलांचं हवं तर बी मेअखेरीस, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यात पडलं पाहिजे. जुलै उजाडला असेल तर या वाणांचा नाद सोडा आणि मखमली झेंडू लावा. त्याचं फूल लहान, तोरणाला जास्त लागतं, पण ते साधारण दोन महिन्यांत फुलतं. त्याच्या मुळांमुळे मातीतल्या सूत्रकृमींनाही, म्हणजे मुळांना इजा करणाऱ्या सूक्ष्म जंतांनाही, आळा बसतो, म्हणून टोमॅटो-वांग्याच्या वाफ्याच्या कडेला ते असावंच. मुसळधार पावसात मोठ्या झेंडूची झाडं लोळतात, त्यांना काठीचा आधार द्या.

श्रावणात पूजेला तेरडा आणि गुलबक्षी गावठीच बऱ्या, एकदा लावल्या की आपोआप उगवत राहतात. अ‍ॅस्टरमध्ये फुले गणेश मालिकेतले पांढरे, गुलाबी आणि जांभळे वाण सरळ आहेत, रंग घट्ट आणि फूल कापल्यावर टिकणारं. फक्त अ‍ॅस्टरचं बी वर्षभरानंतर झपाट्याने मरतं. मागच्या वर्षीचं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. घरी धरलेलं असेल तर पेरण्याआधी वीस बिया ओल्या कापडात गुंडाळून ठेवा, दहा-बारा दिवसांत निम्म्याही फुटल्या नाहीत तर नवं पाकीट आणा.