बँकॉकमधील टमी टक : शस्त्रक्रिया उत्तम, पाठपुरावा नावालाही नाही

डिसेंबर 2024 मध्ये मी सांगलीहून बँकॉकला जाऊन टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली. मुंबईतील एका वैद्यकीय पर्यटन एजन्सीमार्फत हे सारे ठरले होते. एजन्सी आणि रुग्णालय या दोघांचीही नावे मी येथे घेत नाही. मात्र सगळ्या तारखा आणि पावत्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन-चार जणींनी हलक्या आवाजात याबद्दल विचारणा केली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दोन सिझेरियन आणि त्यानंतर कष्टाने उतरवलेले चौदा किलो वजन, यांमुळे माझ्या पोटाची कातडी ओटीपोटावर घडी पडून लोंबत असे. उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचून कातडी सोलवटत असे, आणि पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकल्यामुळे पाठ कायम दुखत असे. व्यायामाने चरबी कमी होते, पण एकदा ताणून सैल झालेली कातडी पुन्हा आवळत नाही. टमी टकमध्ये ओटीपोटावर एका खुब्यापासून दुसऱ्या खुब्यापर्यंत आडवा छेद घेतात, कातडी वर उचलून फाकलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, जादा कातडी आणि चरबी कापून काढतात आणि खाली ओढलेल्या कातडीत नवे छिद्र करून बेंबी तेथे शिवतात. पूर्ण भूल देऊन केली जाणारी ही काही तासांची मोठी शस्त्रक्रिया आहे. वजन उतरवण्याचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहू नये, आणि आणखी मूल हवे असेल तर ती लांबणीवर टाकावी, हे दोन्ही मुद्दे तेथील सर्जनने पहिल्याच व्हिडिओ भेटीत स्पष्ट केले होते.

मग परदेश कशासाठी, हा प्रश्न मला सर्वांनी विचारला आणि तो रास्तही आहे. 1894 मध्ये विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय मिरजेत उभे राहिले आणि आज दक्षिण महाराष्ट्रातून व उत्तर कर्नाटकातून माणसे उपचारासाठी मिरजेला येतात. त्या मिरजेपासून दहा किलोमीटरवर राहणाऱ्या बाईने पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी समुद्र ओलांडावा, हे विचित्र दिसते. खरे कारण एवढेच की मला कोणाला कळू द्यायचे नव्हते. आमच्याकडे कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर पाच मिनिटे बसले तरी माहेरचे किंवा शाळेतले कोणीतरी भेटतेच, आणि आजारपण नसताना केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल बाईला काय काय ऐकून घ्यावे लागते ते मला ठाऊक होते.

खर्चाचे गणित मी नीट मांडले नाही, ही माझी चूक. वैद्यकीय पर्यटनात पैसे वाचतात असे जे सांगितले जाते ते अमेरिकेतून किंवा युरोपातून येणाऱ्या रुग्णाच्या हिशेबाने खरे असते. अमेरिकेत टमी टकसाठी केवळ सर्जनची फी आठ हजार डॉलरच्या आसपास जाते. आपल्याकडचे दर मुळातच कमी असल्यामुळे सांगलीकरासाठी हा हिशेब उलटा होतो. पुण्यात मला दोन ते अडीच लाखांचा अंदाज मिळाला होता. बँकॉकचे पॅकेज 1,90,000 बाटचे, म्हणजे साडेचार लाखांहून अधिक होते, आणि त्यात सोबतीला आलेल्या अक्काचे तिकीट, वाढीव मुक्काम आणि औषधे धरली तर आकडा सहा लाखांपुढे गेला. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेलीच असते. माझ्या प्रवास विम्यातही ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतून उद्भवणारी गुंतागुंत वगळलेली होती, आणि हे मी पॉलिसी घेतल्यानंतर वाचले.

रुग्णालयाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहायचे आहे. आंतरराष्ट्रीय मान्यता देणाऱ्या जेसीआय या संस्थेचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे होते. अशी मान्यता रुग्णालयाच्या कार्यपद्धतीला असते आणि सर्जनच्या हाताची पारख आपल्याला वेगळी करावी लागते, म्हणून मी त्यांचे प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण आणि नोंदणी आधी तपासून घेतली होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी, 5 डिसेंबरला, सर्जनने मला आरशासमोर उभे केले आणि पेनाने पोटावर रेषा आखत प्रत्येक रेषेचा अर्थ सांगितला. भूलतज्ज्ञाने माझ्या दोन्ही सिझेरियनच्या वेळच्या भुलेची चौकशी केली. शुद्धीवर आले तेव्हा पायांत घट्ट मोजे होते, पोटऱ्या आळीपाळीने दाबणारे यंत्र चालू होते, आणि संध्याकाळी दोन नर्सनी मला धरून कमरेतून वाकलेल्या अवस्थेतच चार पावले चालवले. टमी टकनंतर पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, त्यामुळे ही चार पावले औषधाइतकीच महत्त्वाची होती.

जखमेच्या दोन्ही कडांना एकेक ड्रेन, म्हणजे आत साठणारे पाणी बाहेर काढणारी नळी, होता. नळीच्या टोकाला डाळिंबाएवढा पारदर्शक रबरी फुगा, तो दाबून बंद केला की आतून लालसर पाणी ओढून घेत असे. नर्स रोज सकाळी सात वाजता तो मोजमापाच्या पेल्यात रिकामा करून आकडा लिहीत असे, आणि चोवीस तासांत तीस मिलिलिटरपेक्षा कमी पाणी आले की तो काढायचा असे ठरले होते. चौथ्या दिवसापासून हे काम अक्काकडे आले. ती आटपाडीकडची, डाळिंबाच्या बागेत वाढलेली. तो फुगा हातात धरून ती रोज आकडा मोठ्याने वाचत असे आणि कॅलेंडरवर लिहीत असे. पहिला ड्रेन पाचव्या दिवशी निघाला आणि दुसरा अकराव्या.

एजन्सीच्या पॅकेजमध्ये परतीचे विमान आठव्या दिवशीचे होते. म्हणजे दुसरा ड्रेन पोटात असतानाच मी विमानात बसले असते. तपासणीच्या वेळी सर्जनने दोन आठवडे थांबा असे स्पष्ट सांगितले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दहा दिवस विमानप्रवास टाळावा असा अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचाही सल्ला आहे. एजन्सीला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही, कारण समन्वयक बाईंनी फोनवर अगदी सहज उत्तर दिले की बहुतेक जण ठरल्या दिवशीच जातात. तिकिटे बदलणे आणि वाढीव सहा रात्रींचे हॉटेल हा सगळा भार आमच्यावर पडला. या एका गोष्टीसाठी मी या एजन्सीची शिफारस कोणालाही करणार नाही.

19 डिसेंबरचे मुंबईचे विमान तुलनेने सोपे गेले. कडेची जागा मागून घेतली होती आणि दर तासाला उठून चालत होते. त्यापुढचा मुंबई ते सांगली हा पावणेचारशे किलोमीटरचा मोटारीचा प्रवास कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. सिटबेल्टचा पट्टा नेमका टाक्यांवर येतो, म्हणून मध्ये उशी धरावी लागते. खंबाटकीच्या वळणांवर मी ती उशी दोन्ही हातांनी दाबून बसले होते. साताऱ्यात आणि कराडात गाडी थांबवून चालले, आणि पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळल्यावर प्रत्येक खड्डा टाक्यांपर्यंत पोचत होता.

27 डिसेंबरला, म्हणजे बाविसाव्या दिवशी, बेंबीखाली फुगवटा दिसला. बोटाने दाबले की पाण्याच्या पिशवीसारखी लाट दुसऱ्या बाजूला जात असे. मी एजन्सीला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आले की सूज नैसर्गिक आहे, पोटपट्टा घट्ट बांधा. तोवर मी मिरजेला एका प्लास्टिक सर्जनकडे गेले होते, म्हणजे ज्या बाकावर बसायचे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला त्याच बाकावर. डॉक्टरांनी रागावून न बोलता पोट तपासले आणि म्हणाले, "ताई, हा सेरोमा आहे. कातडीखाली पाणी साठलंय. असं कुठंही होऊ शकतं, त्यांच्या हाताची चूक म्हणता येणार नाही." त्यांनी सुईने 120 मिलिलिटर पाणी काढले, आठवड्याने 70 आणि तिसऱ्या खेपेस 20.

अडचण झाली ती कागदांची. माझ्या डिस्चार्ज पत्राचे एकच पान होते आणि त्यातले निम्मे थाई लिपीत होते. स्नायूंसाठी कोणता धागा वापरला, कोणते प्रतिजैविक किती दिवस दिले, यातले काहीही त्यावर वाचता येत नव्हते. डॉक्टरांनी समजावून सांगितले की परदेशात सौंदर्यशस्त्रक्रिया करून आलेल्या रुग्णांत कधीकधी क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पण वेगळे जंतू जखमेत शिरलेले आढळतात. ते नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत आणि त्यांच्या गाठी काही आठवड्यांनी वर येतात. 2013 व 2014 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून शस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकन रुग्णांत असा प्रादुर्भाव झाला होता. म्हणून काढलेले पाणी दोन वेगवेगळ्या तपासण्यांसाठी पाठवावे लागले. या जंतूंसाठीचे कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहण्याची चाचणी, अनेक आठवडे ठेवावे लागते, आणि तेवढा सगळा काळ मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून छेदाच्या रेषेवर कुठे गाठ लागते का ते बोटाने चाचपत होते. दोन्ही अहवाल सुदैवाने निर्दोष आले.

ऑपरेशन नोट, म्हणजे शस्त्रक्रियेत काय काय केले याची रुग्णालयाची नोंद, मिळावी म्हणून मी एजन्सीला पाच ईमेल केले आणि एकाचेही उत्तर आले नाही. अखेर मार्चमध्ये थेट रुग्णालयाच्या नोंदणी विभागाला लिहिले. त्यांनी सही केलेला अर्ज आणि पासपोर्टची प्रत मागवली आणि एप्रिलमध्ये इंग्रजीतली दोन पाने व्यवस्थित पाठवली. म्हणजे कागद तयार होते, मागायचे कोणाकडे हेच मला सांगितले गेले नव्हते. जी एजन्सी पॅकेजमध्ये वर्षभराच्या पाठपुराव्याचे आश्वासन देते, तिने निदान हा एक पत्ता तरी द्यायला हवा होता.

पोट आज सपाट आहे, पाठदुखी बरीच कमी झाली आहे आणि या उन्हाळ्यात कातडी सोलवटली नाही. व्रण अजून तांबूस आहे, तो फिका व्हायला वर्ष तरी लागेल. ती दोन पाने घेऊन मी मिरजेला गेले तेव्हा डॉक्टरांनी ती उभ्यानेच वाचली, प्रतिजैविकाच्या नावाखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, "हे डिसेंबरात हातात असतं तर तुमचे ते सहा आठवडे एवढ्या काळजीत गेले नसते." मग पाने पंच करून त्यांनी माझ्या फायलीला लावली.